कोळंबीला हार्मोन देतात म्हणजे नक्की कुणाला, काय आणि कधी देतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की तळ्यात वाढवलेल्या कोळंबीला हार्मोन देऊन सगळी कोळंबी नर करून टाकतात आणि मग ती खाणाऱ्यांच्या, त्यातही वयात येणाऱ्या मुलांच्या, अंगात ते हार्मोन जातं. पत्र लिहिणाऱ्याची काळजी खरी होती, म्हणून वाचून नुसतं बाजूला ठेवता आलं नाही. मी बरीच वर्षं कोळंबीच्या हॅचरीत काम करतोय, ब्रूडर, म्हणजे अंडी-पिल्लांसाठी ठेवलेले कोळंबीचे आई-बाप, सांभाळायचे आणि पिल्लं काढायची हेच माझं रोजचं काम. त्या पत्रात तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकमेकांत कालवल्या गेल्यात आणि त्यामुळे झालंय असं की चोर सोडून संन्याशाला फाशी. हार्मोनशी खेळ कोळंबीच्या धंद्यात होतो, रोज होतो, पण तो त्या पत्रात लिहिलाय तिथे होत नाही. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, जागा द्यावी ही विनंती.

आधी हे आलं कुठून ते बघू. हार्मोन घालून सगळे नर करतात हे लोकांनी ऐकलेलं असतं ते बहुतेक वेळा तिलापिया माशाबद्दल, आणि तिलापियाबद्दल ते खरं आहे. हा मासा तळ्यात इतक्या लवकर पिल्लं घालायला लागतो की काही महिन्यांत तळं बारक्या पिल्लांनी भरून जातं आणि विकण्याजोगा मोठा मासा हाती लागत नाही, शिवाय नर मादीपेक्षा जास्त भरतो, म्हणून सगळे नरच हवे असतात. त्यासाठी नुकत्याच खायला लागलेल्या पिल्लांच्या खाद्यात १७-अल्फा मिथाइल टेस्टोस्टेरॉन मिसळतात, साधारण किलोला ६० मिलिग्रॅम, तीन-चार आठवडे. त्या वयात पिल्लू नर होणार का मादी हे पक्कं झालेलं नसतं म्हणून ते नराकडे वळतं, आणि पुढे मासा मोठा होऊन विकायला येईपर्यंत कित्येक महिने त्याला ते परत दिलं जात नाही. त्यावरही वाद आहेत, हॅचरीच्या पाण्यातून हे औषध बाहेर जातं त्याचं काय, खाद्य कालवणाऱ्या कामगाराच्या हाताला लागतं त्याचं काय, आणि ते वाद व्हायलाच हवेत. पण तो मासा झाला. माशाला कणा आहे, त्याची आणि आपली नर-मादीच्या हार्मोनची व्यवस्था मुळात एकाच घरातली, टेस्टोस्टेरॉन त्याच्याकडेही आहे आणि आपल्याकडेही. कोळंबी मासा नाहीच, ती खेकड्याच्या आणि शेवंडीच्या जातकुळीतली, आणि तिच्यात नर कुणी व्हायचं हे ठरवणारी चावीच निराळी आहे.

ती चावी सापडली १९५४ साली. एलेन शार्निओ-कोताँ नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञ बाई समुद्रकाठच्या वाळूत उड्या मारणाऱ्या एका बारक्या प्राण्यावर काम करत होत्या, तोही कोळंबीचाच दूरचा नातेवाईक. नराच्या शुक्रवाहिनीच्या टोकाला त्यांना एक छोटीशी ग्रंथी दिसली, वृषणापासून अगदी वेगळी. ती काढून मादीत बसवली तर मादी नरासारखी व्हायला लागली. अँड्रोजेनिक ग्लँड म्हणतात तिला, आपण नरग्रंथी म्हणू. आपल्यासारख्या प्राण्यांत शुक्रजंतू बनवणारा अवयव आणि नराचं हार्मोन बनवणारा अवयव एकच असतो, कोळंबी-खेकड्यांत ही दोन कामं दोन ठिकाणी वाटलेली आहेत, आणि पुढचं सगळं तंत्र या एका गोष्टीवर उभं आहे, कारण वृषणाला धक्का न लावता नुसती ही ग्रंथी काढता येते किंवा गप्प करता येते.

या ग्रंथीतून जे हार्मोन निघतं ते टेस्टोस्टेरॉनसारखं स्टिरॉइड नाहीये. ते प्रथिन आहे, आणि बांधणीने इन्सुलिनच्या कुटुंबातलं आहे. १९९९ मध्ये आधी जमिनीवरच्या एका कवचधारी किड्यात, जो हात लावला की गोळी होऊन बसतो त्याच्यात, त्याची रचना उलगडली, मग २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्रेफिशमध्ये, म्हणजे गोड्या पाण्यातल्या शेवंडीसारख्या प्राण्यात, त्याच धर्तीचं जनुक मिळालं आणि पाठोपाठ कोळंब्यांमध्येही मिळत गेलं.

आता नर-मादीचं प्रमाण बदलायचंच कशाला हा प्रश्न. गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी, जिला धंद्यात स्कॅम्पी म्हणतात आणि शास्त्रीय नाव मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी, तिच्यात नर मादीपेक्षा बराच मोठा होतो. पण सगळे नर सारखे वाढत नाहीत. काही निळ्या लांब नांग्यांचे दादा होतात, काही नारिंगी नांग्यांचे झपाट्याने वाढणारे असतात आणि काही बारकेच राहतात, दादांना चुकवत तळाशी फिरतात, आणि गंमत म्हणजे दादा काढून घेतले की या खालच्यांतले काही वाढायला लागतात. एकाच दिवशी सोडलेलं बियाणं, म्हणजे तळ्यात वाढवायची पिल्लं, एकच खाद्य, आणि जाळं ओढलं की हातात सगळ्या मापांचा माल. माद्या लहान पण एकसारख्या, आणि वयात आल्या की अंड्यांमागे लागतात, त्यात वाढ मंदावते. म्हणून तळ्यात फक्त नर किंवा फक्त माद्या ठेवल्या तर काय होईल हा विचार फार पूर्वीपासून चालू आहे, १९८० च्या दशकात फक्त नर ठेवून उत्पन्न वाढतं हे प्रयोगात दिसलंही होतं.

आता फक्त नर मिळवायचे कसे, तर सुरुवातीला चक्क हाताने निवडून. हे काम कसं चालतं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. पिल्लू थोडं मोठं झालं की ते ओल्या हातात उलटं धरायचं, पोट वर. चालायच्या पायांच्या पाच जोड्या असतात. नराची भोकं पाचव्या जोडीच्या मुळाशी असतात, मादीची तिसऱ्या जोडीच्या. पिल्लू लहान असेल तर तेवढ्याने कळत नाही, मग पोटाखालच्या पोहायच्या पायांची दुसरी जोडी चिमट्याने अलगद फाकवून भिंगाखाली बघायची, नराला तिथे एक जादा बारीक काटेरी दांडी असते, मादीला नसते. पिल्लू शेपटी झटकत असतं, हातातून निसटतं, फार वेळ पाण्याबाहेर राहिलं तर मरतं. हजारो पिल्लं अशी एकेक करून बघायची, माणसांचे डोळे आणि पाठ दोन्ही जातात, आणि एवढं करून निम्मं बियाणं बाजूला काढायचं. मोठ्या धंद्यात हे परवडत नाही हे उघड आहे.

मग जनुकांचा रस्ता आला. कोळंबीत नर-मादी ठरण्याची पद्धत माणसाच्या उलट, पक्ष्यांसारखी आहे. माणसात मुलगा का मुलगी हे बापाकडून ठरतं, इथे आईकडून ठरतं. नराकडे दोन्ही झेड गुणसूत्रं, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. म्हणजे नराकडून प्रत्येक पिल्लाला झेडच मिळतं, आईकडून झेड आलं तर नर, डब्ल्यू आलं तर मादी. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लहान वयाच्या नराची नरग्रंथी काढून टाकली तर तो मादीकडे झुकतो हे दिसलं, नंतर इस्रायलमध्ये असे ग्रंथी काढलेले नर पूर्ण माद्या होऊन अंडी घालू लागले. या मादीला निओ-फीमेल म्हणतात, म्हणजे अंगाने मादी पण गुणसूत्रं नराची, दोन्ही झेड. तिचा साध्या नराशी संबंध आला की पिल्लं झेड-झेड सोडून दुसरी होऊच शकत नाहीत, सगळीच्या सगळी नर.

ही शस्त्रक्रिया इतक्या बारक्या जिवावर करायची म्हणजे दहातले बरेच मरणार किंवा ग्रंथीचा तुकडा आत राहणार, त्यामुळे ते प्रयोगशाळेतच राहिलं. इस्रायलमधल्याच नेगेवच्या बेन-गुरियन विद्यापीठात आमीर सागी यांच्या गटाने यातून वाट काढली. त्यांनी ग्रंथी कापली नाही, तिच्यात नरहार्मोन बनवण्याचा जो निरोप जनुकाकडून जातो तो थांबवला. आरएनए इंटरफिअरन्स नावाची एक यंत्रणा प्राण्यांच्या पेशीत मुळातच असते, जिचा उलगडा १९९८ मध्ये झाला आणि ज्याला २००६ चं नोबेल मिळालं. एखाद्या जनुकाशी जुळणारा दुपदरी आरएनए पेशीत घातला की पेशी त्या जनुकाचे निरोप तोडून टाकते, जनुक तसंच राहतं पण त्याचं प्रथिन बनत नाही. २००९ मध्ये त्यांनी कोळंबीच्या या नरहार्मोनच्या जनुकावर हे करून दाखवलं आणि २०१२ मध्ये योग्य वयात केल्यास नराची पूर्ण, अंडी देणारी मादी होते हे प्रसिद्ध केलं. त्या वयाला फार महत्त्व आहे, ती काटेरी दांडी दिसायच्या आधीच हे करावं लागतं, उशीर झाला तर अर्धवट काहीतरी होतं.

आता त्या पत्राकडे परत येतो, आणि हा मुद्दा मला सगळ्यात जास्त सांगायचाय. इंजेक्शन कुणाला दिलं? आईला. तेही ती आई पिल्लू असताना. आणि ते इंजेक्शन हार्मोनचं नव्हतंच, उलट हार्मोन बनू न देणारं होतं. ती आई हॅचरीच्या टाकीत राहते, बाजारात जात नाही. तिची पिल्लं, जी तळ्यात सोडतात, वाढवतात आणि लोक खातात, त्यांना कुणी काहीही टोचलेलं नसतं, खाद्यातून काही दिलेलं नसतं. त्यांच्या अंगात जे नरहार्मोन आहे ते त्यांच्या स्वतःच्या ग्रंथीने बनवलेलं, नदीतल्या कुठल्याही नर कोळंबीत असतं तेच. आईला दिलेला आरएनए तिच्याच अंगात मोडून जातो, पिल्लांच्या डीएनएत काही घुसवलेलं नसतं, म्हणून याला जीएम, म्हणजे जनुकं बदललेली कोळंबी, म्हणणंही बरोबर नाही.

फक्त माद्या हव्या असतील तर रस्ता जरा लांबचा आहे आणि मला तो जास्त आवडतो. साध्या मादीला लहानपणी नरग्रंथीच्या पेशी टोचल्या की ती नर होते, पण गुणसूत्रं झेड-डब्ल्यूच राहतात. असा नर आणि साधी मादी यांची पिल्लं झाली की चारात एक नर, दोन साध्या माद्या आणि एक मादी अशी की जिच्याकडे दोन्ही डब्ल्यू. ही दोन डब्ल्यूवाली मादी व्यवस्थित जगते, वाढते, आणि तिचा कुठल्याही साध्या नराशी जोड लावला की सगळी पिल्लं माद्या. २०१६ मध्ये त्याच गटाने एकाच वेळच्या पेशींच्या इंजेक्शनने हे साधल्याचं दाखवलं. इथे तर अंतर अजून वाढलं, ज्या कोळंबीला पेशी टोचल्या तिची नात तळ्यात जाते. माद्या आपसात भांडत नाहीत, मापं सारखी येतात, दाटीने सोडता येतात, त्यामुळे एकेकीचं वजन कमी असूनही फक्त माद्यांचं तळं कित्येकांना सोयीचं वाटतं.

आणि हे सगळं झालं स्कॅम्पीचं. जगभर तळ्यात जी कोळंबी सगळ्यात जास्त पिकते ती वनामी, खाऱ्या-निमखाऱ्या पाण्यातली, आणि तिच्यात तर उलट मादी मोठी होते, तिच्याच कुळातल्या टायगर कोळंबीतही तसंच. त्यामुळे वनामीला सगळे नर करण्यात कुणाचा फायदाच नाही! फक्त माद्या करायचे प्रयत्न आहेत, पण या कुळात अजून ते रोजच्या धंद्यात रुळलेलं नाही. म्हणजे बाजारातल्या बहुतेक तळ्याच्या कोळंबीत नर-मादी निम्मे-निम्मेच असतात, निसर्गाने दिलेले तसे, विश्वास नसेल तर विकत आणलेली कोळंबी डोक्यासकट घ्या आणि उलटी करून बघा, नराला पोटाखालच्या पहिल्या पायांच्या जोडीत जुळलेला एक अवयव दिसतो, मादीला तो नसतो आणि शेवटच्या चालायच्या पायांच्या मध्ये एक चपटी पट्टी असते.

आता समजा कुणाला वाटलं की ते इन्सुलिनच्या कुटुंबातलं हार्मोन पोटात गेलं तर? डायबिटिस असलेल्या माणसाला इन्सुलिन टोचूनच का घ्यावं लागतं, याचं जे कारण तेच इथे. प्रथिन पोटात गेलं की पचतं, त्याचे तुकडे होतात, बाकीच्या प्रथिनासारखं. स्टिरॉइडचं तसं नाही. मिथाइल टेस्टोस्टेरॉनला तो मिथाइलचा शेपूट मुद्दाम लावलेला असतो तोच यासाठी की तोंडाने घेतलं तरी यकृताने ते लगेच मोडून टाकू नये. म्हणून मी सरळ सांगतो, कोळंबीच्या खाद्यात कुणी स्टिरॉइड घालत असेल तर त्याला माझा पूर्ण विरोध आहे. असे प्रयोग झालेत, काहींनी नरांचं प्रमाण वाढल्याचं लिहिलंयही, पण ज्या प्राण्यात नराची चावी प्रथिनाची आहे तिथे माशाचं स्टिरॉइड ओतत बसणं म्हणजे नको तिथे नको ते औषध, आणि खाणाऱ्याच्या, कामगाराच्या, पाण्याच्या सगळ्यांच्याच जिवाला घोर. चांगला, स्वच्छ रस्ता हातात असताना याची गरजच काय.

काही जण म्हणतील की पण हे निसर्गाच्या विरुद्ध आहे, नराची मादी करणं. तर थंड समुद्रातली उत्तरेची कोळंबी, जी तिकडे बोटींनी टनावारी पकडतात, ती जन्मभर हेच करते, आधी नर म्हणून जगते, मग मोठी झाली की मादी होते. आणि तो गोळी होऊन बसणारा किडा मघाशी सांगितला ना, त्याच्यात वोल्बाकिया नावाचा एक जीवाणू राहतो जो आईकडून पिल्लात जातो, आणि नर पिल्लांना माद्या करून टाकतो कारण त्याला पुढच्या पिढीत जायला आईच लागते. या प्राण्यांत नर-मादी हे इतकं लवचिक आहे, माणसाचे नियम त्यांना लावले की चुकायला होतं.

मग काळजी करावी असं काहीच नाही का? आहे, आणि हार्मोनचीच आहे. ती मात्र नर-मादीच्या प्रमाणाची नाही.

वनामी आणि टायगरची मादी बंद टाकीत सहजासहजी अंड्यावर येत नाही. तिच्या डोळ्याच्या देठात एक ग्रंथी असते, तिच्यातून अंडाशयाला थांब म्हणणारं हार्मोन निघतं. १९४३ मध्ये पानूज नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने दाखवलं की देठ काढला तर अंडाशय वाढायला लागतं, आणि नंतर हॅचरीच्या धंद्याने ते उचललं. जगभरातल्या हॅचऱ्यांत मादीचा एक डोळा देठासकट काढला जातो, कुणी तापलेल्या चिमट्याने दाबतं, कुणी दोऱ्याने बांधून गळू देतं, कुणी कापतं. अब्लेशन म्हणतात, आणि आम्ही इतक्या सहज म्हणतो की नवीन पोराला दुसऱ्या दिवशीच ते शिकवलं जातं. एकाने मादी ओल्या कपड्यात धरायची, शेपटी बोटांत घट्ट दाबून, दुसऱ्याने डोळा पकडून चिमटा दाबायचा, चार-पाच सेकंदांचं काम. मादी जोरात झटका देते. मग टाकीत सोडली की ती कडेकडेने वेडीवाकडी पोहते, उरलेल्या डोळ्याच्या बाजूला वळत राहते. थोड्याच दिवसांत पाठीवरून अंडाशयाचा हिरवट पट्टा रुंद होताना दिसतो आणि सगळे खूश होतात. दोन्ही डोळे काढले तर ती बहुतेक मरते, म्हणून एकच.

याची किंमत मादी मोजते. त्या देठात फक्त अंड्यांचं हार्मोन नसतं, कात टाकण्याचं, रक्तातल्या साखरेचं, सगळ्याचं नियंत्रण तिथे आहे, ते एकदम निम्मं काढून घेतल्यावर ती परत परत अंडी देत राहते आणि आतून रिकामी होत जाते, नंतरच्या खेपांची पिल्लं कमजोर निघतात हे हॅचरीत काम करणाऱ्या कुणालाही विचारा. याला पर्याय नाही असं आम्हाला कायम सांगितलं गेलं. पण स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ पासून वनामीवर जे काम छापलंय त्यात दिसतं की डोळा न काढलेल्या माद्यांपासूनही हॅचरी चालते, माद्या थोड्या जास्त ठेवाव्या लागतात, खाणं चांगलं द्यावं लागतं, आणि त्यांच्या पिल्लांनी व्हाइट स्पॉट या विषाणूच्या रोगाला आणि पिल्लं लवकर मारणाऱ्या व्हिब्रिओ जीवाणूच्या रोगाला जास्त चांगलं तोंड दिलं. म्हणजे शेतकऱ्याचाही फायदा. २०२२ मध्ये ब्रिटनने प्राण्यांच्या संवेदनांचा जो कायदा केला त्यात खेकडे, शेवंड, कोळंबी यांनाही धरलंय, की यांनाही दुखतं. ज्यांना कोळंबीतल्या हार्मोनची खरंच काळजी वाटते त्यांनी हा प्रश्न हातात घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि इथे हेही सांगून टाकतो की वर जे नरग्रंथीच्या पेशी टोचायचं तंत्र सांगितलं, त्यासाठी ती ग्रंथी आधी फुगवून घेतात ती नराच्या डोळ्यांचे देठ काढूनच. ते थोड्याच प्राण्यांवर होतं हे खरं, पण लपवून ठेवण्यासारखं नाही.

दुसरी काळजी बियाण्याची. सगळे नर किंवा सगळ्या माद्या असलेल्या तळ्यातून शेतकऱ्याला स्वतःचं बियाणं काढता येत नाही, दर हंगामाला त्याला त्याच हॅचरीच्या दारात जावं लागणार. निओ-फीमेल किंवा दोन डब्ल्यूवाल्या माद्या बनवायचं ज्ञान मोजक्या हातांत असेल तर भावही तेच ठरवणार. आणि अशा आया मोजक्याच असतील तर लाखो पिल्लं एकमेकांची सख्खी-चुलत निघतात, एक रोग आला की सगळी एकदम बसतात. म्हणून असं बियाणं विकणाऱ्याला विचारायला हवं की आया किती आहेत, कुठून आणल्या, नवीन रक्त शेवटचं कधी घातलं. शास्त्राचा विरोध करण्यापेक्षा या प्रश्नांची उत्तरं सक्तीने लेखी मागा, सरकारी केंद्रांनी हे तंत्र स्वतः शिकून बियाणं द्यावं अशी मागणी करा.

पुरात तळं फुटून कोळंबी नदीत गेली तर काय, हेही कुणी विचारत नाही. जिथली ती मूळची नाही तिथे एकाच लिंगाची कोळंबी सुटली तर तिची पुढची पिढी होत नाही, हा मोठाच फायदा आहे. पश्चिम आफ्रिकेतल्या सेनेगल नदीवर १९८६ मध्ये डायमा धरण झालं, कोळंबीचा पिल्लं घालायला खाडीपर्यंत जायचा रस्ता तुटला, गोगलगायी खाणारी कोळंबीच घटल्यामुळे गोगलगायी माजल्या आणि त्या गोगलगायींतून पसरणारा बिलहार्झिया हा कृमींचा रोग वाढला. २०१५ मध्ये छापलेल्या अभ्यासात तिथे नदीत कोळंबी परत सोडल्यावर रोगाला आळा बसल्याचं दिसलं. अशा कामांसाठी परक्या मुलखात कोळंबी सोडायची वेळ आली तर एकाच लिंगाची सोडणं कितीतरी सुरक्षित. पण जिथे ती जात मूळचीच आहे तिथे मात्र सुटलेले नर रानातल्या माद्यांशी जोड लावणार, तिथे तळ्यांचे बांध आणि जाळ्या नीट हव्यातच.

अँटिबायोटिकबद्दल एकच सांगतो. २००१-०२ मध्ये आशियातून युरोपात गेलेल्या कोळंबीत क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान सापडले होते, तिथे त्यांवर आधीच बंदी होती. असा अंश खाणाऱ्याच्या पोटात खरंच जातो आणि तपासणीत सापडतोही, त्यामुळे मालाची तपासणी मागायची असेल तर आधी याची मागा.

मला आपल्याकडून एवढंच हवंय की या विषयावर पुढे काही छापाल तेव्हा बातमीदाराला हॅचरीत पाठवा आणि तीन गोष्टी विचारून यायला सांगा, कुठली जात, काय दिलं, आणि ते खाल्ल्या जाणाऱ्या कोळंबीला दिलं का तिच्या आईला. आणि हॅचरीवाल्यांना माझी सांगणी, त्यात माझे मालकही आले, की बियाण्याच्या पावतीवर रोगाच्या तपासणीचा निकाल लिहितो तसं आयांवर अब्लेशन केलंय का नाही हेही लिहायला सुरुवात करूया. पुढच्या हंगामाचे ब्रूडर यायचेत, एक टाकी डोळे न काढलेल्या माद्यांची वेगळी ठेवून बघायला आताच सांगून ठेवलंय.

कळावे,
आपला एक नियमित वाचक